माथेरान

माथेरान : महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील, कर्जत तालुक्यातले गिरिस्थान व नगरपरिषदेचे गाव. सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुट्या झालेल्या डोंगरमाथ्यावर, सुमारे ८०० मी. उंचीवर ते वसले आहे. लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार पाच हजारांहून कमी. मुंबई–कर्जत लोकलमार्गावरील नेरळ हे पायथ्याचे स्थानक. ‘माथ्यावरचे रान’ ही नावाची व्युत्पत्ती सर्वसाधारणपणे मान्य आहे.

डोंगराचा गाभा बेसाल्टचा असून माथ्यावर जांभ्याचा थर आहे. जांभ्यात पाणी मुरते, म्हणून मोठ्या सरीनंतरही माथा लवकर निथळतो. वाटांवरची तांबडी मातीही याच थराची. त्यावर अंजनी, जांभूळ, हिरडा यांचे दाट, निमसदाहरित रान आहे. शेकरू अजून दिसते. माकडे विपुल आहेत.

ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू पॉइन्ट्झ मॅलेट यांनी मे १८५० मध्ये माथेरानचा ‘शोध लावला’, असे बहुतेक ग्रंथांत आढळते. (कर्जतचा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, पुढे तो कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात गेला.) या विधानाचा आधार मुख्यतः १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटिअरचा असून, त्यातला वृत्तान्तच ‘शोध’ या शब्दाला बाधा आणतो. मॅलेट यांचा मुक्काम दक्षिण पायथ्याच्या चौक गावी होता. डोंगराच्या निम्म्या वाटेवरील वस्तीतून त्यांनी पाण्याचे मडके आणि एक वाटाड्या बरोबर घेतला, ओढ्याच्या घळीतून माथा गाठला आणि रामबागेच्या वाटेने ते खाली उतरले. चढायला एक वाट, उतरायला दुसरी आणि दोन्ही ठाऊक असलेला माणूस सोबत. म्हणजे डोंगर राबत्यातला होता. धनगर, ठाकूर व कातकरी यांचा येथील वावर त्याहून जुना असून, ग्रामदैवत पिसारनाथाचे स्थानही वसाहतपूर्व असावे. तेव्हा १८५० हे युरोपीय वसाहतीचे आरंभवर्ष मानणे अधिक सयुक्तिक ठरते. त्या वाटाड्याचे नाव मात्र नोंदले गेले नाही, ही उणीव मोठी आहे. मॅलेट यांनी त्याच वर्षी पुन्हा येऊन माथ्यावर झोपडी बांधली. पुढे घरही उभे केले. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन (कारकीर्द १८५३–६०) यांच्या प्रोत्साहनाने वाटा आखल्या गेल्या आणि बंगले वाढले. १८५६ च्या सुमारास आगगाडी या टापूतून धावू लागल्यावर मुंबईकरांना, विशेषतः पारशी व बोहरी कुटुंबांना, हा माथा जवळचा झाला.

नेरळ–माथेरान रेल्वे : मुंबईचे बोहरी उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशावर त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी ही सुमारे २१ किमी. लांबीची रेल्वे बांधली. खर्च १६ लाख रुपये सांगितला जातो. काम १९०१ मध्ये सुरू झाले, असे काही लेखक म्हणतात, तर काही १९०४ हे वर्ष देतात. पहिले वर्ष योजनेच्या तयारीचे व दुसरे प्रत्यक्ष बांधणीचे धरल्यास दोन्हींचा मेळ बसतो. वाहतूक २२ मार्च १९०७ रोजी सुरू झाली. रूळ दोन फूट (६१० मिमी.) अंतराचे, चढ काही ठिकाणी वीस फुटांना एक फूट आणि वळणे अत्यंत आखूड. अशा वळणांवर ताठ आसांचे इंजिन रुळाला घासते, प्रसंगी घसरते. म्हणून जर्मनीच्या ओरेनस्टाइन उंड कॉपेल कंपनीची वाफेची इंजिने क्लीन-लिंडनर पद्धतीची घेतली गेली. या पद्धतीत टोकाच्या चाकांचे आस पोकळ असून आतल्या गाभ्याभोवती थोडे सरकतात व वळतात. त्यामुळे सहाही चाकांना ओढ मिळते आणि इंजिन वळणही घेते. जुम्मापट्टी, वॉटर पाइप व अमन लॉज ही मधली स्थानके.

घाटातल्या या मार्गाला पावसाने वारंवार तडाखे दिले. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत तो वाहून गेला व २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला. मे २०१६ मध्ये डबे घसरल्याने गाडी थांबली. २०१९ च्या पावसाळ्यातील पडझडीनंतर बंद झालेली पूर्ण सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये पूर्ववत झाली. पावसाळ्यात सामान्यतः अमन लॉज–माथेरान एवढीच शटल धावते.

पॅनोरमा, लुईसा, एको, अलेक्झांडर, चौक, गारबट, वन ट्री हिल ही प्रमुख स्थळे. पॉर्क्युपाइन पॉइंट सूर्यास्तासाठी, तर हार्ट पॉइंट रात्री दिसणाऱ्या मुंबईच्या दिव्यांसाठी प्रसिद्ध आहे. शार्लट तलाव, चिक्की, चपला व घोडे परिचितच आहेत.

पर्यटनपुस्तिका ज्यांना ओझरता उल्लेख देतात, ते हुतात्मा विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल (१९१२–४३) याच गावचे. नगरपालिकेचे उपाध्यक्षपद त्यांनी भूषविले होते. १९४२ च्या आंदोलनात त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या रानात ते व हिराजी पाटील यांना वीरमरण आले. माथेरानच्या इतिहासात त्यांचे स्थान कोणत्याही गव्हर्नराहून वरचे आहे.

खासगी मोटारी दस्तुरी नाक्यापर्यंतच जातात; पुढे पायी, घोड्यावरून वा शटलने जावे लागते. फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान व परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र घोषित केले. माणसांनी ओढायच्या हातरिक्षा दीर्घकाळ चालू राहिल्या. ई-रिक्षांचा प्रयोग डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. रस्त्याच्या वादात न्यायालयाने दस्तुरी नाक्यापासून गावातील शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत मातीचे पेव्हर ब्लॉक बसवण्यास मुभा दिली. रानातल्या पायवाटांवर व पॉइंटांकडे जाणाऱ्या वाटांवर ते बसवण्यास मनाई केली.