परदेशी एमबीएचं कॉलेज निवडताना: पात्रता, शिष्यवृत्ती, कर्ज आणि लागणारे कागद

“सर, दोन ऑफर आल्या. कोन्तं कॉलेज घेऊ?” उन्हाळा लागला की दिग्रस-पुसदकडचा एखादा विद्यार्थी हा प्रश्न घेऊन येतोच. दोन्ही कॉलेजं नावाजलेली असतात. पण बोलता बोलता कळतं की शिष्यवृत्तीच्या यादीत दोन्ही बसत नाहीत, घर गावठाणात असल्यामुळे बँक तारण घ्यायला तयार नाही आणि जात वैधतेचा अर्ज अजून समितीकडेच पडून आहे. तोवर वेळ निघून गेलेली असते. म्हणून कॉलेजच्या नावाकडे मी शेवटी येणार आहे.

एमबीए की दुसरं काही?

नुकतंच बी.कॉम. किंवा बी.एस्सी. ॲग्री झालं असेल तर एमबीए तुमच्यासाठी नाही. चांगली कॉलेजं त्यासाठी किमान दोन-तीन वर्षांचा कामाचा अनुभव मागतात. अनुभव नसलेल्यांसाठी ‘मास्टर इन मॅनेजमेंट’ हा वेगळा अभ्यासक्रम असतो. लंडन बिझनेस स्कूल, एचईसी पॅरिस, एसेक या सगळ्यांकडे तो आहे. अनुभव मोठ्या कंपनीतलाच हवा असं नाही. शेतकरी उत्पादक कंपनीचा हिशेब, जिनिंगमधली खरेदी, पतसंस्थेतली नोकरी, सगळं चालतं. फक्त नेमणूकपत्र हवं आणि पगार बँकेत जमा झालेला दिसायला हवा. रोखीने पगार घेऊन केलेली तीन वर्षं कागदावर सिद्ध करताना फार त्रास होतो.

दुसरी अडचण तीन वर्षांच्या पदवीची. आपली बी.कॉम. युरोपीय हिशेबात फार तर १८० क्रेडिटची (क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या भाराचं माप) धरली जाते आणि जर्मनीतले काही एमबीए २१० किंवा २४० क्रेडिट मागतात. फी भरून अर्ज करण्याआधी प्रवेश विभागाला ईमेलने विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी भारतीयांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्रही (आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचं) सक्तीचं झालं आहे, त्याचा वेळ वेगळा धरा.

जीमॅट म्हणजे एमबीएची प्रवेश परीक्षा. तिचे गुण २०५ ते ८०५ या पट्टीवर मिळतात, परीक्षा सव्वादोन तासांची असते आणि गुण पाच वर्षं चालतात. पुष्कळ कॉलेजं त्याऐवजी जीआरई या दुसऱ्या परीक्षेचे गुण घेतात. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा मात्र दोनच वर्षं चालते. जीमॅट घरून देता येते, पण विजेची खात्री नसेल तर शहरातलं केंद्रच घ्या.

नाव सगळीकडे एकच हवं

आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर मांडणी वेगळी. आधारवर वडिलांच्या नावापुढे ‘राव’ लागलेलं, टीसीवर नाही. यातल्या प्रत्येक फरकाचा खुलासा पुढे कुणीतरी मागतं. अमरावती, नागपूर किंवा गोंडवाना, ज्या विद्यापीठाची पदवी असेल तिथून ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा) काढण्याआधी दहावीची सनद, आधार आणि पासपोर्ट समोर ठेवून अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. या कामाला दुपार लागते, पण ती नक्की काढा.

शिष्यवृत्ती: क्रमवारी कोणती, ते नीट वाचा

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. ओबीसी, भटके-विमुक्त, आदिवासी आणि खुल्या प्रवर्गासाठीही राज्याच्या स्वतंत्र योजना आहेत, तर मराठा-कुणबी गटासाठी ‘सारथी’ या राज्याच्या संस्थेची. कुणबी मुलांनी ओबीसी आणि सारथी, दोन्ही जाहिराती वाचाव्यात. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत अनुसूचित जाती आणि विमुक्त-भटक्यांबरोबर भूमिहीन शेतमजुरांच्या मुलांसाठीही जागा आहेत. ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे, शेतमजुराच्या घरी ती आवर्जून सांगा. तिथे कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत, वय ३५ पर्यंत आणि पात्रता परीक्षेत, म्हणजे आधीच्या पदवीत, ६० टक्के गुण लागतात.

आता निवडीची खरी मेख. राजर्षी शाहू योजनेच्या जाहिरातीत विद्यापीठ क्यूएस जागतिक क्रमवारीत २०० च्या आत असण्याची अट असते. ही क्रमवारी संपूर्ण विद्यापीठाची, एमबीएची नव्हे. इन्सियाड किंवा लंडन बिझनेस स्कूल एमबीएच्या यादीत अगदी वर असतात, पण एकाच विषयाच्या संस्था असल्यामुळे विद्यापीठांच्या सर्वसाधारण यादीत त्यांचं नावच नसतं. मँचेस्टर, वॉरिक, इम्पिरियल यांची बिझनेस स्कूलं मोठ्या विद्यापीठाचा भाग आहेत, त्यामुळे ती या अटीत बसतात. शिष्यवृत्तीवरच भिस्त असेल तर निवड इथेच निम्मी होऊन जाते. अटी वर्षागणिक बदलतात, त्यामुळे मागच्या वर्षीच्या मित्राचं ऐकून चालू नका, त्या वर्षीची जाहिरात वाचा.

अर्जाला जातीचा दाखला, जात वैधता, अधिवास, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, ओबीसींसाठी नॉन-क्रिमीलेयर, सगळ्या गुणपत्रिका, पासपोर्ट आणि विनाअट ऑफर लेटर लागतं. पुढे करारनामा आणि जामीनदार. यात दोन ठिकाणी गाडी अडते. एक जात वैधता. तिचा अर्ज पदवीच्या शेवटच्या वर्षाआधीच टाका, कारण जुने महसुली पुरावे शोधण्यातच महिने जातात. दुसरं ‘विनाअट’ हा शब्द. शेवटची गुणपत्रिका किंवा आयईएलटीएस बाकी असेल तर विद्यापीठ सशर्त ऑफर देतं आणि ती शिष्यवृत्तीला चालत नाही. शिवाय शिष्यवृत्तीचा निकाल लागण्याआधी विद्यापीठ डिपॉझिट मागतं. तेव्हा मुदतवाढ लेखी मागा, पुष्कळदा मिळते.

कर्ज

शेती दहा एकर असली तरी शैक्षणिक कर्जासाठी शेतजमीन तारण घ्यायला बहुतेक बँका नाखूश असतात. सातबाऱ्यावर पीककर्जाचा बोजा असतो, जमीन भोगवटादार वर्ग २ ची असेल तर हस्तांतरणाला परवानगी लागते. गावठाणातल्या घराचा फक्त ग्रामपंचायतीचा कर-आकारणीचा नमुना ८ असतो. स्वामित्व योजनेत तुमच्या गावाची मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रक काढून घ्या, बँकेपुढे ते जास्त भक्कम ठरतं. बँकांच्या आदर्श योजनेत चार लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि साडेसात लाखांपर्यंत जामीनदारावर काम होतं, पण परदेशी एमबीएला ही रक्कम पुरत नाही. काही बँका मोजक्या नामांकित कॉलेजांसाठी मोठं कर्ज विनातारण देतात. म्हणून आपल्या कॉलेजांच्या यादीसोबत बँकेची अशा कॉलेजांची यादीही मागून घ्या.

वडिलांचं पीककर्ज थकलेलं असेल तर ते सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, दिसतं आणि सहकर्जदार वडीलच असतात. हे बँकेत गेल्यावर कळण्यापेक्षा आधी तपासलेलं बरं. पीएम विद्यालक्ष्मी योजना फक्त भारतातल्या संस्थांसाठी आहे. परदेशासाठी तिचं नाव सांगणाऱ्या एजंटापासून दूर राहा.

आता दोन ऑफर समोर ठेवा

अमेरिकेत एमबीए बहुधा दोन वर्षांचं, ब्रिटनमध्ये वर्षाचं, इन्सियाडमध्ये दहा महिन्यांचं. कर्ज काढणाऱ्या घरासाठी मला एक वर्षाचा अभ्यासक्रम बरा वाटतो, कारण राहण्याचा खर्च निम्मा होतो. पण शिक्षणानंतर थांबायची मुदतही पाहायला हवी. ब्रिटनमध्ये ‘ग्रॅज्युएट रूट’ या व्हिसावर दोन वर्षं मिळतात, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिने. अमेरिकेत १२ महिने आणि अभ्यासक्रम ‘स्टेम’ (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) गटात असेल तर आणखी २४. एमबीए स्टेममध्ये आहे का, हे कॉलेजला थेट विचारा. नोकरीचा अहवाल मागताना सगळ्यांची सरासरी घेऊ नका, त्या देशाचा पासपोर्ट नसलेल्यांपैकी किती जणांना तिथेच नोकरी लागली, तो आकडा मागा. बिझनेस स्कूलांना मिळणाऱ्या एएसीएसबी, इक्विस, अम्बा या आंतरराष्ट्रीय मान्यतांपैकी एकही नसेल तर मी ती ऑफर बाजूला ठेवायला सांगतो.

ब्रिटन ठरलं तर कापसाच्या पैशाचं गणित आधीच मांडा. व्हिसासाठी दाखवायची रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते. खातं विद्यार्थ्याचं किंवा आई-वडिलांचं हवं, काका-मामांचं चालत नाही. आई-वडिलांचं असेल तर त्यांचं संमतीपत्र आणि तुमचा जन्मदाखला लागतो. तो दाखला इंग्रजीत नसेल तर प्रमाणित भाषांतर जोडा. सोबत क्षयरोग तपासणीचं प्रमाणपत्र हवं, तेही ब्रिटन सरकारने मान्य केलेल्या केंद्रातलंच.