इंजेक्शनमधलं प्लास्टिक जातं कुठे?

दादरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा एक फॉरवर्ड आला, की प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशंटला महिन्यातून एकदा देतात त्या इंजेक्शनात प्लास्टिकचे कण असतात आणि ते जन्मभर अंगात साठून राहतात. कण असतात हे खरंय. साठतात हे साफ खोटं, आणि घरात पेशंट असलेल्या माणसाने असलं वाचून पुढचा डोस टाळला तर काय, याची मला खरंच काळजी वाटते.

या इंजेक्शनात ल्युप्रोलाइड नावाचं औषध असतं, आणि त्याच्या या महिनाभर चालणाऱ्या इंजेक्शनला अमेरिकेत 1989 साली मान्यता मिळाली. औषध पीएलजीए नावाच्या पॉलिमरच्या, म्हणजे छोटे तुकडे लांब साखळीत जोडून बनलेल्या पदार्थाच्या, गोल कणांमध्ये कोंडलेलं असतं, आणि हे कण केसाच्या जाडीपेक्षाही बारीक.

आता खरी मजा. जुहूच्या वाळूत पडलेली पॉलिथिनची पिशवी वर्षानुवर्षं तशीच राहते कारण तिच्या साखळीत कार्बनला कार्बन जोडलेला असतो, ते बंध पाण्याला तुटत नाहीत. पीएलजीएच्या साखळीत मात्र लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लाचे तुकडे एस्टर बंधांनी जोडलेले असतात आणि एस्टर बंध पाणी हळूहळू तोडतं. शेवटी उरतात तीच दोन आम्लं. लॅक्टिक आम्ल तर आपले स्नायू पळताना स्वतःच बनवतात, शरीर त्याचं कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करून टाकतं. लॅक्टिकवर एक जादा मिथाइल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) असतो, तो पाण्याला जरा लांब ठेवतो, म्हणून लॅक्टिक वाढवलं की कण जास्त टिकतो, आणि दोन्ही निम्मं-निम्मं घेतलं तर साधारण महिना-दोन महिन्यांत संपतो. म्हणजे औषध किती दिवस पुरवायचं हे बऱ्याच अंशी या प्रमाणावरच ठरतं!

त्यात अजून एक गुंता आहे. कण मोठा असेल तर आत तयार झालेलं आम्ल पटकन बाहेर निसटत नाही, तेच आम्ल उरलेले एस्टर बंध तोडायला मदत करतं, म्हणून कण बाहेरून शाबूत आणि आतून पोकळ होत जातो. साखळीच्या टोकाला मोकळा कार्बोक्झिल गट, म्हणजे आंबटपणा आणणारा भाग, असला तर हे आणखी जोरात होतं, म्हणून कधीकधी ते टोक मुद्दाम झाकतात. आत प्रथिनाचं औषध असेल तर या आंबटपणात तेच बिघडतं, आणि यावर अजून संशोधन चालूच आहे. एवढी मेहनत यामागे असते, म्हणून ‘नॅनो डिटॉक्स’ लिहून बाटल्या विकणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो.

पाण्यानेच तुटतात म्हणून हे कण कोरडी पावडर करून सीलबंद देतात, द्रव टोचायच्या आधी मिसळतात. मुंबईच्या दमट हवेत ते सील आधीच उघडू नका.