यकृताची पेशी शेजार सोडते तेव्हा

सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी यकृत पाहिलं की बहुकोनी पेशींच्या रांगा दिसतात, एकमेकींना घट्ट बिलगलेल्या. त्यांना धरून ठेवणाऱ्या प्रथिनांपैकी एक म्हणजे ई-कॅडहेरिन. कर्करोगाची गाठ झाली, तरी ती यकृतातच असेपर्यंत शस्त्रक्रियेने काढता येण्याची आशा असते. पण एखादी पेशी शेजारणीचा हात सोडून रक्तवाहिनीत शिरली, की पुढे बहुतेक वेळा फुप्फुस गाठते आणि सगळंच अवघड होऊन बसतं.

हे घडवणारी जनुकं परकी नसतात. मायकल बिशप आणि हॅरल्ड व्हार्मस यांनी १९७६ मध्ये दाखवलं, की कोंबडीत कर्करोग करणाऱ्या विषाणूतलं जनुक मुळात कोंबडीच्याच निरोगी पेशीतलं आहे. या शोधाला १९८९ चं नोबेल मिळालं.

यकृताच्या कर्करोगात वारंवार भेटणारं असंच एक जनुक म्हणजे मिक. पेशीला ‘विभाजित हो’ सांगणं हे त्याचं एक मुख्य काम, आणि अनेक गाठींत त्याच्या जादा प्रती सापडतात. मात्र भराभर वाढणं वेगळं आणि घर सोडून निघणं वेगळं. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. निघायला लावणारं जनुक दुसरंच असतं, ट्विस्ट-१. गर्भात पेशींना एका जागेवरून दुसरीकडे जावं लागतं, तेव्हा ते त्यांची पकड सैल करतं. कर्करोगात ते पुन्हा जागं झालं तर ई-कॅडहेरिन घटतं, पेशी लांबुळकी होते आणि सरकू लागते.

उंदरांवरचे २०२० मधले प्रयोग इथे फार बोलके आहेत. एकट्या मिकमुळे यकृतात गाठी झाल्या, पण त्या क्वचितच पसरल्या. ट्विस्ट-१ ची जोड मिळताच कर्करोग फुप्फुसापर्यंत गेला. त्यातही थक्क करणारी गोष्ट अशी, की या पेशी एकट्याने निघाल्याच नव्हत्या. सीसीएल-२ आणि आयएल-१३ ही दोन प्रथिनं बाहेर सोडून त्यांनी मॅक्रोफेज, म्हणजे आपल्याच संरक्षक पेशी, बोलावून घेतल्या आणि मदतीला जुंपल्या. दोन्ही प्रथिनं एकत्र अडवल्यावर प्रसार रोखला गेला.

मिकच्या प्रथिनावर औषधाला घट्ट बसता येईल अशी खोबणच जवळजवळ नाही, त्यामुळे त्याला थेट रोखणं फार कठीण. सीसीएल-२ आणि आयएल-१३ मात्र पेशीबाहेर, रक्तात वावरतात. ज्या रुग्णांच्या गाठीत दोन्ही जनुकं जोरात होती, त्यांच्या रक्तातही ही दोन प्रथिनं वाढलेली आढळली.