केळीच्या पानाभोवतीची पांढरी कड

रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीच्या बागेत भर उन्हात काढलेल्या छायाचित्रात आकाश अनेकदा निळे येतच नाही. पानांच्या सावलीतला माणूस नीट दिसावा म्हणून कॅमेरा जास्त प्रकाश घेतो आणि वरचा भाग पांढराफटक पडतो. मग दुसऱ्या फोटोतले आकाश आणून तिथे बसवले जाते. हे काम घाईत झाले, तर पानांभोवती पांढरी कड उमटते आणि पाहणाऱ्याला, कारण सांगता आले नाही तरी, फोटोत काहीतरी खोटे आहे हे लगेच जाणवते.

ही कड समजून घ्यायची तर लेअर आणि मास्क यांच्यापासून सुरुवात करावी लागते. लेअर म्हणजे एकाच चौकटीत एकावर एक ठेवलेली स्वतंत्र चित्रे. फोटोशॉपमध्ये ही सोय 1994 साली तिसऱ्या आवृत्तीत आली आणि मोफत मिळणाऱ्या गिम्प या सॉफ्टवेअरमध्येही ती आहे. मास्क हे लेअरला जोडलेले आणखी एक चित्रच असते, मात्र केवळ काळ्या, करड्या आणि पांढऱ्या छटांचे. मास्क पांढरा असेल तिथे लेअर पूर्ण दिसतो, काळा असेल तिथे झाकला जातो. इरेजरने पुसलेला भाग फाइल सेव्ह करून बंद केल्यावर परत मिळत नाही. मास्कवर पांढरा ब्रश फिरवला, की झाकलेले सारे जसेच्या तसे दिसू लागते. म्हणून नव्याने शिकणाऱ्यांनी इरेजरची सवयच लावून घेऊ नये, असे मला मनापासून वाटते.

खरी गंमत करड्या छटांत आहे. नेहमीच्या 8 बिट फाइलमध्ये छटा 0 (काळा) ते 255 (पांढरा) अशा मोजतात. मास्कच्या आकड्याला 255 ने भागले, की वरच्या लेअरचा वाटा मिळतो आणि उरलेला वाटा खालच्या लेअरचा असतो. अशा मिश्रणाचे पद्धतशीर गणित थॉमस पोर्टर आणि टॉम डफ या संगणक-चित्रणातल्या संशोधकांनी 1984 साली मांडले.

आता पानाच्या कडेवरचा एकच पिक्सेल, म्हणजे चित्राचा सर्वांत छोटा ठिपका, पाहू. मूळ फोटो वर आणि नवे आकाश खाली आहे. पानाची उजळी 80, मूळ पांढऱ्या आकाशाची 255 आणि नव्या आकाशाची 180 धरू. कडेच्या पिक्सेलमध्ये निम्मे पान आणि निम्मे आकाश असल्याने त्याची उजळी ढोबळमानाने 168 येते. तिथे मास्क निम्मा करडा ठेवला, तर 168 आणि 180 यांची सरासरी 174 होते. पान आणि नवे आकाश खरोखरच निम्मे-निम्मे असते, तर उत्तर 130 आले असते. म्हणजे मास्क अचूक असूनही कड उजळच राहते, कारण जुन्या आकाशाचा पांढरेपणा त्या पिक्सेलमध्ये आधीच मुरलेला असतो.

यावर उत्तम उपाय म्हणजे नव्या आकाशाचा लेअर मूळ फोटोच्या वर आणून ‘मल्टिप्लाय’ या मोडवर ठेवणे. त्यात दोन्ही लेअरच्या आकड्यांचा गुणाकार करून 255 ने भागतात. जिथे खाली शुद्ध पांढरे आहे, तिथे नवे आकाश जसेच्या तसे उतरते. आपल्या पिक्सेलचे उत्तर सुमारे 119 येते, म्हणजे 130 च्या बरेच जवळ. पाने आणि माणसे मात्र या गुणाकाराने काळवंडतात, म्हणून आकाशाच्या लेअरला त्यांच्या आतल्या भागावर मऊ ब्रशने काळा मास्क द्यायचा. पानाची प्रत्येक चीर कोरत बसण्याची गरज उरत नाही. मूळ आकाश संध्याकाळचे, रंगीत असेल, तर दोन्ही आकाशांचा गुणाकार होऊन रंग गढूळ होतात आणि तिथे कडेचे पिक्सेलच पानाच्या रंगाने पुन्हा रंगवावे लागतात.