भाभा, कोसंबी आणि एका संस्थेतली मूल्यं

थोर वैज्ञानिकाला सौंदर्याची आणि नीतीचीही चाड हवी का, हा प्रश्न मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बरीच वर्षं दोन माणसांच्या रूपाने वावरत होता.

संस्थेचे संस्थापक, भौतिकशास्त्रज्ञ होमी भाभा स्वतः चित्रं काढत आणि पाश्चात्त्य अभिजात संगीतात रमत. 1941 साली नागपूरला सी. व्ही. रामन यांनी त्यांना थेट लिओनार्दो दा विंचीच्या पंगतीला बसवलं. 1945 मध्ये संस्था सुरू झाली आणि पुढे तिच्या खर्चातला छोटा वाटा चित्रखरेदीसाठी ठेवायला भाभांनी नेहरूंची संमती मिळवली. गायतोंडे, आरा, हुसेन यांची चित्रं लिलावात कोटींना जाण्याच्या कितीतरी आधी तिथल्या भिंतींवर लागली. सरकारी पैशातून एवढी चोखंदळ खरेदी आपल्याकडे क्वचितच झाली असेल.

दामोदर धर्मानंद कोसंबींना गणिताचे प्राध्यापक म्हणून बोलावलं तेही भाभांनीच. मूळचे गोव्याचे कोसंबी पुण्याहून डेक्कन क्वीनने ये-जा करत, नाण्यांपासून संस्कृत सुभाषितांपर्यंत सगळ्यात लक्ष घालत आणि जागतिक शांतता चळवळीतही होते. 1960 मध्ये पुण्याच्या रोटरी क्लबपुढे त्यांनी अणुऊर्जेच्या खर्चावर बोट ठेवलं. उन्हाची एवढी सुबत्ता असलेल्या देशाने सूर्याकडे वळावं, असं त्यांचं म्हणणं. अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष तेव्हा भाभाच होते.

1962 मध्ये कोसंबींचा करार वाढवला गेला नाही. सत्य बोलल्याची शिक्षा, असं म्हणून मोकळं होता येतं, पण ते अर्धंच आहे. रीमानचं गृहीतक (मूळ संख्यांच्या मांडणीशी निगडित, अजूनही न सुटलेला गणितातला प्रश्न) सिद्ध केल्याचा दावा त्यांनी 1959 च्या सुमारास कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापला होता. सिद्धता टिकली नाही आणि गणितज्ञांत त्यांची पत गेली. स्वतःच्या कामाची कठोर तपासणी हेही वैज्ञानिकाचं नैतिक मूल्यच, आणि तिथे ते कमी पडले.

ऑक्टोबर 1964 मध्ये चीनने अणुचाचणी केली. आठवड्याभराने भाभा आकाशवाणीवर बोलले. निःशस्त्रीकरणाचा आग्रह त्यांनी धरला, पण दहा किलोटनांचा स्फोट साडेसतरा लाख रुपयांत होतो, हेही सांगितलं. आकडा अमेरिकेने शांततामय (कालवे खोदण्यासारख्या कामांच्या) अणुस्फोटांसाठी मांडलेल्या दरांवरून घेतलेला होता. अणुभट्ट्या आणि प्लुटोनियमचे कारखाने यांचा खर्च त्यात धरलेला नव्हता. बॉम्ब हवा म्हणणाऱ्यांनी तो आकडा लगेच उचलला.