वाळू मारायची, चेंडू नाही: बंकरच्या फटक्यामागचा इतिहास

गोल्फमध्ये ग्रीनशेजारच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीशेजारच्या, बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) चेंडू पडला की शिकवणारे सगळे एकच सांगतात: चेंडू मारू नका, वाळू मारा. चेंडूच्या दीड-दोन इंच मागे क्लब, म्हणजे गोल्फची काठी, वाळूत शिरला पाहिजे आणि उसळणाऱ्या वाळूनेच चेंडू वर उचलून बाहेर टाकला पाहिजे. नवख्याला हे पटता पटत नाही. लोखंडी क्लबने गवतावरून मारताना आधी चेंडू, मग जमीन, हे महिनोन्‌महिने घोटून घेतलेलं असतं आणि इथे नेमकं उलटं करायचं असतं. हा सल्ला गोल्फइतका जुना नाही. तो एका विशिष्ट बनावटीच्या क्लबबरोबर रूढ झाला, आणि त्या क्लबची गोष्ट कळली की सल्लाही हातात उतरायला लागतो, असं मला मनापासून वाटतं.

बंकर मात्र फार जुने. स्कॉटलंडच्या समुद्रकाठच्या 'लिंक्स' जमिनीत वाळूवर गवताचा पातळ थर असतो. गवत कुठे उखडलं की वारा खालची वाळू उपसतो. त्या खळग्यांत मेंढ्या आडोशाला बसत आणि खळगे आणखी खोल होत, असं मानलं जातं. सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर आज 112 बंकर आहेत. त्यातला 17व्या होलचा रोड बंकर सगळ्यांत भीतीदायक. 1978च्या ओपनमध्ये, म्हणजे ब्रिटनमधल्या मोठ्या गोल्फ स्पर्धेत, जपानचा टॉमी नाकाजिमा तिथे दोन फटक्यांत ग्रीनवर पोहोचला होता. त्याने पट केलेला, म्हणजे होलकडे हलकेच लोटलेला, चेंडू उतारावरून घरंगळत त्या बंकरमध्ये गेला, बाहेर काढायला चार फटके लागले आणि त्या एका होलवर 9 मांडले गेले. 2000 साली टायगर वुड्सने याच मैदानावर ओपन जिंकली, तेव्हा 72 होलमध्ये त्याचा चेंडू एकदाही बंकरमध्ये गेला नाही.

जुन्या खेळाडूंच्या हाती यासाठी निब्लिक नावाचा क्लब असे. त्याचा चेहरा, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, चांगला तिरपा होता, पण तळ पातळ. पातळ तळाची धार वाळूत फावड्यासारखी रुतत जाते आणि क्लब तिथेच अडतो. म्हणून बरेच जण चेंडू वाळूवरून अलगद उचलू बघत. त्यात केसभर चूक झाली तरी चेंडू ग्रीनवरून पलीकडे उडे, नाहीतर समोरच्या भिंतीवर आपटून पायाशी परत येई.

1928 साली टेक्सासच्या एडविन मॅक्लेनने एका वेगळ्या क्लबचं पेटंट घेतलं. हा क्लब जड होता आणि त्याचा चेहरा चमच्यासारखा आत वळलेला होता. असा एक क्लब गोल्फर हॉर्टन स्मिथने नामांकित अमेरिकी खेळाडू बॉबी जोन्सला दिला. 1930च्या ओपनच्या शेवटच्या फेरीत, इंग्लंडमधल्या हॉयलेकच्या 16व्या होलवर, जोन्सने त्याच क्लबने बंकरमधून चेंडू होलच्या अगदी जवळ नेऊन ठेवला. ती ओपन त्याने जिंकली. पण अशा खोलगट चेहऱ्यावर चेंडूला एकाच फटक्यात दोनदा स्पर्श होऊ शकतो, या कारणाने 1931मध्ये असे क्लब नियमबाह्य ठरले.

अमेरिकी गोल्फर जीन साराझेनने चेहरा सपाटच ठेवला आणि लक्ष तळाकडे वळवलं. तो तेव्हा उद्योगपती आणि वैमानिक हॉवर्ड ह्यूजबरोबर विमान चालवायला शिकत होता. उड्डाणाच्या वेळी शेपटीकडची फळी हलली की विमानाचं नाक वर उचललं जातं, हे त्याने पाहिलं. वाळूत शिरलेल्या क्लबचं नाकही असंच वर उचलता येईल का, असा प्रश्न त्याला पडला. फ्लोरिडातल्या न्यू पोर्ट रिची इथे त्याने निब्लिकच्या तळाला शिसं डाखलं, कानशीने घासलं, वाळूत मारून पाहिलं आणि पुन्हा डाखलं. तळाची मागची कड पुढच्या धारेपेक्षा खाली येईपर्यंत तो हेच करत राहिला. मला या कथेतला हाच भाग सगळ्यांत मोलाचा वाटतो. तेव्हाच मोठ्या स्पर्धा जिंकलेला हा खेळाडू आपली उणीव मान्य करून डाखणी घेऊन बसला होता.

1932ची ओपन इंग्लंडमधल्या सँडविच गावाजवळच्या प्रिन्सेस मैदानावर होती. अधिकाऱ्यांनी क्लब आधीच पाहिला तर बंदी घालतील, ही त्याला धास्ती. स्वतः साराझेन सांगत असे की, सरावात तो हा क्लब पिशवीत उलटा ठेवी आणि रात्री कोटाखाली लपवून हॉटेलवर नेई. 283 फटक्यांत, पाचच्या फरकाने, तो जिंकला. पुढच्याच वर्षी विल्सन कंपनीने आर-90 या नावाने असा क्लब बाजारात आणला. जाड तळाची कल्पना एकट्या साराझेनची होती असं नाही, पण सँड वेज, म्हणजे वाळूसाठीचा हा क्लब, घरोघरी पोहोचली ती त्याच्यामुळे.

त्याने डाखलेलं ते शिसं म्हणजेच आजचा 'बाउन्स'. सँड वेज फरशीवर सरळ टेकवा आणि नजर जमिनीलगत नेऊन बघा. तळाचा मागचा फुगीर भाग टेकलेला दिसेल आणि पुढची धार किंचित अधांतरी. चेहरा उघडला, म्हणजे आकाशाकडे वळवला, की ही धार आणखी वर येते. फुगीर भाग वाळूवर आपटतो, क्लब रुतण्याऐवजी वाळूतून सरकत पुढे जातो आणि चेंडूखालची वाळू चेंडूसकट बाहेर फेकली जाते. चेहरा बंद ठेवून, हात पुढे दाबून मारलं तर धारच पुढे येते आणि क्लब पुन्हा निब्लिकसारखा रुततो. भीतीने मध्येच स्विंग थांबवला तरी वाळू हलते, चेंडू जागचा हलत नाही.

वाळू कशी ठेवायची, यावरही वाद झाले. अमेरिकेतल्या ओकमाँटच्या मैदानावर जड दंताळ्यांनी बंकरमध्ये मुद्दाम खोल सऱ्या पाडत, म्हणजे चेंडू सरीत अडकून बसे. पुढे ती पद्धत बंद झाली.

नियमही बदलले. 2010च्या पीजीए चॅम्पियनशिप या अमेरिकेतल्या मोठ्या स्पर्धेत, व्हिसलिंग स्ट्रेट्स मैदानाच्या शेवटच्या होलवर, अमेरिकी गोल्फर डस्टिन जॉन्सनने फटक्याआधी क्लब वाळूला टेकवला; बंकरमध्ये याला मनाई होती. लोकांनी तुडवलेली ती जागा बंकर आहे हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. दोन फटक्यांचा दंड झाला आणि प्लेऑफ, म्हणजे बरोबरीत असलेल्यांमधला निर्णायक खेळ, हुकला. 2019पासून बंकरमधली पानं, दगड उचलता येतात. चेंडू खेळण्याजोगा नसेल तर दोन फटक्यांचा दंड घेऊन बंकरबाहेरूनही खेळता येतं. चेंडूच्या लगेच पुढे-मागे क्लब टेकवायला आणि हाताने किंवा क्लबने वाळू चाचपायला मात्र आजही मनाई आहे.

उभं राहताना पाय वाळूत रोवायला परवानगी आहे, आणि वाळूची खरी माहिती तिथेच मिळते. बूट सहज खाली गेला तर वाळू भुसभुशीत आहे. चेहरा चांगला उघडायचा आणि स्विंग मोठा घ्यायचा. टाचेखाली लगेच टणक लागलं तर फुगीर तळ आपटून उसळेल आणि धार थेट चेंडूच्या मध्यावर बसेल. तेव्हा चेहरा कमी उघडायचा, किंवा पिशवीतली कमी बाउन्सची वेज काढायची.