मॉडेल किट (एअरफिक्स)

खऱ्या विमानाची, जहाजाची किंवा रणगाड्याची ठरावीक प्रमाणात लहान केलेली प्रतिकृती सुट्या प्लास्टिक भागांतून जोडण्याचा आणि रंगवण्याचा छंद. खोक्यात चौकटींना लटकलेले भाग, जोडणीच्या आकृत्यांचा कागद आणि विमानावर लावायच्या चिन्हांचा पट असतो. अमेरिकेत रेव्हेल आणि मोनोग्राम, तर जपानमध्ये शिझुओका प्रांतातल्या तामिया आणि हासेगावा या कंपन्यांनी हा छंद वाढवला. ब्रिटनमध्ये मात्र एका कंपनीचे नावच छंदाचे नाव होऊन बसले : एअरफिक्स. दुसऱ्या महायुद्धानंतर वाढलेल्या तिथल्या दोन-तीन पिढ्यांचे बालपण या नावाशी जोडलेले असल्याने नोंदीचा भर त्याच परंपरेवर आहे.

विमानांसाठी सर्वांत रुळलेले प्रमाण १:७२. ते फूट-इंचांच्या हिशेबातून आले. एका इंचात सहा फूट बसवले, की सहा फुटी वैमानिक बरोबर एक इंचाचा होतो. स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या पंखांचा विस्तार सुमारे ११.२ मीटर, या प्रमाणात तो साधारण साडेपंधरा सेंटीमीटर भरतो, म्हणजे पोराच्या हातात सहज धरता येईल एवढा. १९३२ मध्ये 'स्कायबर्ड्स' या लाकडी संचांनी हे प्रमाण रूढ केले. १९३६ मध्ये फ्रॉग कंपनीने 'पेंग्विन' मालिकेत प्लास्टिकचे संच आणले. त्यांचे सेल्युलोज अ‍ॅसिटेट हे प्लास्टिक काळाबरोबर वाकडे होई. युद्धाने या छोट्या विमानांना गंभीर काम दिले. शत्रूचे विमान कोणते आणि आपले कोणते हे सैनिकांना आकारावरून ओळखता यावे, म्हणून १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने शाळकरी मुलांकडून पाच लाख लाकडी प्रतिकृती मागवल्या. त्याही १:७२ प्रमाणातच होत्या.

एअरफिक्सची स्थापना १९३९ मध्ये निकोलस कोव्ह या हंगेरीहून आलेल्या उद्योजकाने केली. सुरुवातीचा माल हवा भरायच्या रबरी खेळण्यांचा होता. व्यापारी सूचीत नाव वर यावे म्हणून कोव्ह यांनी 'अ'ने सुरू होणारे नाव निवडले असे सांगतात. १९४७ च्या सुमारास कंपनीने वितळलेले प्लास्टिक दाबाने साच्यात भरणारे यंत्र आणले आणि त्यावर कंगवे काढले. पुढे विमाने काढणारे तंत्र मुळात कंगव्यांसाठी आले होते, हे या इतिहासातले फार गोड वळण आहे. १९४९ मध्ये फर्ग्युसन कंपनीने विक्रेत्यांना दाखवण्यासाठी आपल्या ट्रॅक्टरची छोटी प्रतिकृती मागवली. जोडून देण्यात वेळ आणि मजुरी जाई, म्हणून पुढे ती सुट्या भागांत विकली जाऊ लागली.

खरे यश १९५२ मध्ये आले. सोळाव्या शतकातला इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेक याचे 'गोल्डन हाइंड' हे जहाज एअरफिक्सने पॉलिस्टायरीन या प्लास्टिकमध्ये काढले आणि वुलवर्थ दुकानांतून दोन शिलिंगांना विकले. किंमत एवढी खाली ठेवण्यासाठी खोके काढून टाकले. प्लास्टिकची पिशवी आणि वर दुमडलेला कागद, एवढेच वेष्टन. मुलाच्या खाऊच्या पैशांत बसणारी वस्तू म्हणूनच हा छंद घराघरांत पोचला. स्पिटफायर पुढच्या काही वर्षांत आले आणि मग विमानांची रांगच लागली.

जोडणीची रीत आजही तीच आहे. भाग चौकटीतून ओढून तोडायचे नाहीत. कटरने सोडवायचे, राहिलेला देठ ब्लेडने सपाट करायचा, कडेला सांडलेली पातळ पापडी खरवडायची. मग चिकटवण्याआधी दोन्ही भाग नुसते जुळवून बघायचे. पॉलिस्टायरीनचा 'सिमेंट' हा खरे तर गोंद नव्हे. त्यातले द्रावक प्लास्टिकचा पृष्ठभाग विरघळवते आणि दोन भाग एकमेकांत मुरून एकजीव होतात. म्हणून थेंब जास्त पडला, की प्लास्टिकवर बोटाचा ठसा कायमचा उमटतो. कॉकपिटच्या पारदर्शक झाकणावर असा डाग न पाडलेला नवशिका विरळाच. नाकाखाली चाक असलेल्या विमानाच्या नाकात आधीच वजन भरावे लागते, नाहीतर तयार झाल्यावर ते शेपटीवर बसते. सांध्यांत पुट्टी भरून पॉलिश पेपरने घासायचे, मग रंग. ब्रिटनमध्ये हा रंग म्हणजे हंब्रोल कंपनीच्या चिमुकल्या डब्या. शेवटी चिन्हे : कागद पाण्यात भिजवायचा, चित्र सुटले की ओल्या ब्रशने पंखावर सरकवायचे आणि श्वास रोखून जागेवर बसवायचे. घाई केली तर चित्राची घडी पडते, आणि ती सहसा उलगडत नाही. या छंदाची सगळी शिकवण या वाट पाहण्यात आहे. सुकेपर्यंत हात लावायचा नाही, हे मूल दुसरीकडे इतक्या सहज शिकत नाही.

खोक्यावरच्या चित्राचा वाटाही मोठा. १९६४ पासून दहा वर्षे रॉय क्रॉस या चित्रकाराने एअरफिक्ससाठी चित्रे काढली. धुराच्या लोटांतून झेपावणारी त्यांची विमाने पाहूनच मुलांचे हात खोक्याकडे वळत. आत मात्र करड्या रंगाचे मुके तुकडे असत, आणि चित्र ते तुकडे यांतले अंतर मुलाला स्वतःच्या हातांनी कापावे लागे.

१९८१ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. साचे जनरल मिल्स या अमेरिकी कंपनीकडे, मग १९८६ मध्ये हंब्रोलकडे आणि २००६ मध्ये खेळण्यातल्या रेल्वे बनवणाऱ्या हॉर्नबीकडे गेले. पोलादी साचा नीट जपला तर दशकानुदशके टिकतो, म्हणून मालक बदलले तरी विमाने मेली नाहीत. हॉर्नबीच्या काळात बरेच संच भारतात काढले गेले आणि त्यांच्या खोक्यांवर 'मेड इन इंडिया' आहे. २००९ मध्ये दूरचित्रवाणी सूत्रधार जेम्स मे यांनी बीबीसीच्या कार्यक्रमासाठी इंग्लंडमधल्या कॉसफर्ड येथे शाळकरी मुलांकडून पूर्ण आकाराचे स्पिटफायर संचासारखे सुट्या भागांतून जोडून घेतले.

आजचे बरेच ग्राहक चाळिशी-पन्नाशी ओलांडलेले आहेत. लहानपणी सोडलेला छंद ते पुन्हा धरतात, चांगला चिमटा आणि प्रखर दिवा घेतात, आणि नवे अचूक साचे सोडून मुद्दाम जुन्या साच्यांचे 'व्हिंटेज क्लासिक्स' संच मागवतात. त्यांतले सांधे नीट जुळत नाहीत, पुट्टी जास्त लागते; पण खोक्यावर तेच जुने चित्र असते.